गॅस गीझर: नळ उघडल्यावर आत काय घडतं

भोपाळची थंडी दिवाळीनंतर हळूच येते आणि डिसेंबर लागला की झोंबायला लागते. जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी दहा-अकरा अंश. उत्तरेचा वारा सुटला की पारा पाचापर्यंतही उतरतो. अशा सकाळी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी पंधरा अंशांच्या आसपास असतं, आणि ते अंगावर घेण्याची हौस फारच थोड्यांना. घर तापवायची सोय इथे कुणाकडे नसते. स्वेटर, रजई, फार तर विजेचा एखादा हीटर यावर भागतं. गॅस जाळून आपण तापवतो ते फक्त आंघोळीचं पाणी. अरेरा कॉलनी असो, टीटी नगरची सरकारी घरं असोत, भेलच्या वसाहती असोत की कोलार रोडच्या नव्या इमारती, भिंतीवरची ती पांढरी पत्र्याची पेटी बहुतेक गल्ल्यांत दिसते. नऊ महिने तिच्याकडे कुणी बघत नाही आणि उरलेले तीन महिने सगळं घर तिच्या मर्जीवर चालतं.

ही पेटी उघडली तर आत फार काही नसतं. खाली पाण्याचा एक पितळी व्हॉल्व्ह आणि त्याला जोडून गॅसचा व्हॉल्व्ह. त्यावर बर्नरच्या पट्ट्या, आणि बर्नरवर तांब्याची पेटी, जिच्या अंगाभोवती तांब्याची नळी वेटोळी घेऊन वर जाते. एका बाजूला दोन मोठ्या सेलचा डबा आणि काडेपेटीएवढा नियंत्रक. पाणी साठवायला जागाच नाही. म्हणून विजेच्या गीझरसारखी वाट पाहावी लागत नाही. पाणी आत शिरतं थंड, नळीतून फिरतं आणि बाहेर येतं ते गरम.

नळ उघडला की पहिलं काम पाणी करतं. पितळी व्हॉल्व्हच्या पोटात रबराचा एक पडदा असतो, मिस्त्री त्याला डायफ्रॅम म्हणतात. पाणी वाहायला लागलं की या पडद्याच्या दोन बाजूंना दाब कमीजास्त होतो, पडदा सरकतो आणि त्याला टेकलेली एक बारीक पितळी पिन पुढे ढकलली जाते. ही पिन एकाच वेळी दोन कामं करते: गॅसचा मार्ग मोकळा करते आणि एक छोटं बटण दाबते. बटण दाबलं की नियंत्रक जागा होतो आणि ठिणगीची टकटक सुरू होते. त्याच वेळी तो विजेवर चालणारा दुसरा गॅस व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, उघडतो. गॅस बर्नरवर येतो, ठिणगी पडते, ज्योत पेटते.

इथे नियंत्रकाला एक गोष्ट कळायला हवी: ज्योत खरंच पेटली का? त्यासाठी बर्नरच्या तोंडाशी धातूची एक काडी असते. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे ज्योतीतून अगदी क्षीण वीजप्रवाह जाऊ शकतो. काडी ज्योतीत बुडाली की हा प्रवाह नियंत्रकापर्यंत पोचतो आणि तो ठिणगी थांबवून गॅस चालू ठेवतो. काही सेकंदांत प्रवाह मिळाला नाही, तर तो गॅस बंद करतो. न जळलेला गॅस पेटीत साठू नये म्हणून ही तजवीज. शिवाय पाणी फार तापलं तर तोडणारा थर्मोस्टॅट असतो आणि बऱ्याच गीझरांत वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची घड्याळी सोय असते. ती काम करते तेव्हा लोक गीझर बिघडला म्हणून ओरडतात. नळ बंद करून पुन्हा उघडला की तो निमूट सुरू होतो.

हा क्रम एकदा डोक्यात बसला की बहुतेक बिघाड घरबसल्या ओळखता येतात, कारण गीझर अडतो तो या साखळीतल्या कुठल्या तरी एका कडीपाशी.

आमच्या शेजारच्या काकूंचा गीझर दर वर्षी पहिल्या थंडीत रुसतो. यंदाही सकाळी हाक आली, “अरे, हा टकटक करतोय पण पेटत नाहीये, जरा बघतोस का?” टकटक होतेय याचा अर्थ पाणी वाहतंय, पडदा सरकतोय, बटण दाबलं जातंय; अर्धी साखळी ठीक आहे. आता गॅस येतोय का ते बघायचं. सिलिंडर आदल्या दिवशी बदलला असेल तर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ उघड-बंद करावा लागतो. तसं काही नव्हतं. स्वयंपाकघरातली शेगडी व्यवस्थित जळत होती. मग सेल. काकूंचं म्हणणं, सेल चांगले आहेत, ठिणगी तर पडतेय ना! नेमकी इथेच फसगत होते. ठिणगीला फार वीज लागत नाही. सोलेनॉइड ओढून धरायला मात्र सेलमध्ये दम हवा. दमलेले सेल टकटक करत राहतात आणि गॅसचं दार उघडत नाही. कोपऱ्यावरचा मिस्त्री कुठलाही गीझर बघायच्या आधी फोनवरच सांगतो, “पहले सेल बदल लो भाईसाहब, फिर बुलाना.” त्याच्या निम्म्या फेऱ्या या वाक्याने वाचत असाव्यात. काकूंच्या गीझरमध्ये दीड व्होल्टचे दोन नवे सेल घातले आणि तो पेटला. घड्याळातून काढलेले जुने सेल यात घालू नयेत, आणि एक नवा एक जुना असंही करू नये.

टकटकच होत नसेल तर घोटाळा पाण्याच्या बाजूला असतो, किंवा सेल पार मेलेले असतात. पाण्याच्या बाजूला पहिला संशय जाळीवर. थंड पाणी जिथून आत येतं तिथल्या नटाच्या आत एक बारीक जाळी बसवलेली असते. टाकी धुतल्यावर, नळाला गढूळ पाणी आल्यावर किंवा नवी पाइपलाइन टाकल्यावर तिच्यात वाळू, टेफ्लॉन टेपचे तुकडे, गंज अडकतो. पाण्याचा कॉक बंद करून नट सोडवायचा, जाळी काढायची, जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवायची, परत बसवायची. मिस्त्री लागत नाही. दुसरा संशय उंचीवर. गच्चीवरच्या टाकीचा तळ आणि गीझर यांत दहा फुटांचं अंतर असेल तर पाण्याचा दाब जेमतेम ०.३ बार भरतो. वरच्या मजल्यावरच्या घरात तेवढंही अंतर नसतं; पडदा पुरेसा सरकतच नाही. त्यात बारीक भोकांचा झकपक शॉवर बसवला की संपलंच. शॉवर काढून उघड्या नळाखाली बादली ठेवून पाहावं. बादलीत गीझर पेटतो आणि शॉवरवर पेटत नाही, तर दोष गीझरचा नाही. तिसरी शक्यता म्हणजे पडदाच फाटलेला. त्याची किंमत किरकोळ, पण तो बदलायला गॅस आणि पाणी यांच्या मधला सांधा उघडावा लागतो, तेव्हा ते काम जाणत्या माणसाचं. नव्याने बसवलेला गीझर पहिल्या दिवसापासूनच मुका असेल तर पाण्याच्या दोन नळ्या उलटसुलट जोडल्या नाहीत ना, ते बघावं. हेही घडतं.

पेटून लगेच विझणारा गीझर मात्र बहुधा त्या धातूच्या काडीपायी विझतो. वर्षभराची धूळ आणि काजळी काडीवर बसते, ज्योतीतला क्षीण प्रवाह तिच्यातून जात नाही आणि नियंत्रकाला वाटतं ज्योत नाहीच. गॅस बंद करून, सेल काढून, काडी बारीक पॉलिश पेपरने हलकी घासली की काम होतं. काडी वाकवायची नाही. ती ज्योतीत बुडेल अशीच ठेवलेली असते.

महिनाअखेरीला एक वेगळी तक्रार येते. चहा होतो, पोळ्या होतात, पण गीझरचं पाणी कोमटच. सिलिंडर संपत आलेला असतो. शेगडीचा एक बर्नर तासाला दीड-दोनशे ग्रॅम गॅस ओढतो, तर गीझर पूर्ण ज्योतीवर जवळजवळ एक किलो. एवढ्या वेगाने गॅस काढला की आतल्या द्रवाची वाफ होता होता सिलिंडर गार पडतो, आणि थंडीत, तळाला थोडंच उरलेलं असताना, दाब टिकत नाही. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं किंवा तो आडवा करणं हे दोन्ही उपाय आपल्याकडे सर्रास चालतात आणि दोन्ही वाईट. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये जाऊ शकतो.

आकड्यांत बघू. ‘सहा लिटरचा’ गीझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा. पंधरा अंशांचं पाणी चाळीसवर नेणं म्हणजे नेमके पंचवीस. वीस लिटरची बादली भरायला सव्वातीन मिनिटांहून थोडं अधिक लागतं आणि तिला ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. गीझरची कार्यक्षमता ८५ टक्के आणि एलपीजीची उष्णता किलोला सुमारे ११,००० किलोकॅलरी धरली, तर एका बादलीला साधारण ५३ ग्रॅम गॅस जळतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अडीचशेच्या वर बादल्या. स्वस्ताईचा हिशेब सगळे इथेच थांबवतात. पण त्याच ५३ ग्रॅम गॅसला जळायला हवाही लागते, आणि ती आपण विकत घेत नाही म्हणून मोजतही नाही.

एक किलो एलपीजी पुरता जळायला बारा घनमीटरांहून जास्त हवा खर्च होते. म्हणजे बादलीमागे सहा-साडेसहाशे लिटर. आता आपली बाथरूम मोजा: पाच बाय सहा फूट, उंची नऊ. २७० घनफूट, म्हणजे साडेसात घनमीटर हवा, तीही माणूस, बादल्या आणि कपडे यांची जागा न वजा करता. थंडी म्हणून खिडकीची काच लावलेली, दाराच्या फटीला पायपुसणं सरकवलेलं. घरातल्या तिघांनी पाठोपाठ दोन-दोन बादल्यांनी आंघोळ केली तर त्या खोलीतली निम्मी हवा ज्योतीनेच वापरलेली असते. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्के घसरला तरी ज्योतीचं जळणं बिघडायला लागतं. कार्बनचा पूर्ण डायऑक्साइड होण्याऐवजी त्यातला काही भाग अर्ध्यावर थांबतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

वर सांगितलेली सगळी सुरक्षा आठवून पाहा. पाणी नसेल तर गीझर पेटत नाही. ज्योत नसेल तर गॅस थांबतो. पाणी फार तापलं तर बंद पडतो. पण खोलीतली हवा संपत आली हे ओळखणारं काहीही सर्वसाधारण गीझरमध्ये नसतं. तो ज्या दिवशी जीव घेतो त्या दिवशी तो बिघडलेला नसतोही. पाणी छान गरम येत असतं. कुरकुर करणारा गीझर आपल्याला वैताग देतो, पण मला धास्ती वाटते ती बंद बाथरूममध्ये बिनतक्रार चालणाऱ्या गीझरची.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. गॅस जळला की तोही जळून जातो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. हवेच्या दहा लाख भागांत १,६०० भाग, म्हणजे ०.१६ टक्के, इतक्या प्रमाणात वीस मिनिटांत डोकं दुखणं, चक्कर, मळमळ सुरू होते. नंतर पाय लटके पडतात. माणसाला कडी काढावीशी वाटते आणि हात उचलत नाही. काहींना आंघोळीतच झटका येतो. फिट आली, हार्ट अटॅक आला, असं घरच्यांना वाटतं. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांची वर्णनं इतक्या वेळा लिहिली आहेत की ‘गॅस गीझर सिंड्रोम’ हे नावच पडलं आहे.

भोपाळच्या माणसाला गॅसबद्दल कुणी शिकवायला नको, असं बाहेरच्यांना वाटतं. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधली रात्र या शहराने सोसली आहे, आणि त्या रात्रीचं शहाणपण जुन्या लोकांच्या अंगी मुरलं आहे: ओलं फडकं नाकातोंडाला लावा, डोळे धुवा. युनियन कार्बाइडमधून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट पाण्याशी अभिक्रिया करतो, म्हणून ओल्या फडक्याला अर्थ होता. डोळ्यांत आग होत होती म्हणून लोक जागे झाले. गीझरच्या बाबतीत हे शहाणपण तंतोतंत उलटं पडतं. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ओला टॉवेल त्याला अडवत नाही, आणि जागं करायला आग, खोकला, काही नसतं. इथे एकच उपाय चालतो, दार उघडून बाहेर पडणं. म्हणून आंघोळीत डोकं जड झालं, कपाळ ठणकलं, तर ‘वाफेने झालं असेल’ म्हणत बसू नये.

बाथरूममधल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही तर दार तोडा, आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, मग गॅस बंद करा. १०८ ला फोन करून हमीदिया, एम्स, जे जवळ असेल तिथे न्या आणि गेल्या गेल्या सांगा, “बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता.” हे वाक्य महत्त्वाचं, कारण कोविडनंतर घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे साफ खोटं बोलतं. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. आकडा अठ्ठ्याण्णव दाखवतो आणि माणूस गुदमरलेला असतो. खरं काय ते रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीडतासात होतो. तोंडावर पाणी मारून, लिंबूसरबत पाजून घरी झोपवणं म्हणजे ते तास वाया घालवणं.

ज्योत स्वतः पुष्कळ काही सांगते, फक्त तिच्याकडे बघायला हवं. पेटीच्या पुढच्या भोकातून पाहिलं तर ती निळी, आखूड, सरळ उभी दिसली पाहिजे. पिवळी शेपटं लवलवत असतील, पेटीच्या वरच्या जाळीशी काजळी धरली असेल, तर हवा कमी पडते आहे किंवा बर्नर तुंबला आहे. कोळ्यांना गॅसच्या जेटची भोकं फार आवडतात. नऊ महिने बंद राहिलेल्या गीझरमध्ये त्यांची जाळी हमखास सापडतात. पेटताना ‘भप्प’ आवाज होत असेल तर गॅस साठून मग पेटतो आहे. आणि नळ बंद केल्यावरही ज्योत जळतच राहिली, तर ती पितळी पिन अडकली आहे: पेटीला हात न लावता सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा. ‘भप्प’, पिवळी ज्योत आणि न विझणारी ज्योत, या तिन्ही वेळी गीझर वापरणं त्याच क्षणी थांबवायचं. “आजची आंघोळ होऊन जाऊ दे” असं म्हणायचं नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडे तळघरात फर्नेस असते, अख्खं घर गरम करणारी. तिची साखळी आपल्या गीझरच्या साखळीशी खूप जुळते. तीच ज्योत ओळखणारी काडी, काजळी धरली की तीच रुसण्याची तऱ्हा, तोच पॉलिश पेपर. फरक एका कडीचा. आजकालच्या फर्नेसमध्ये आधी धूर ओढणारा पंखा फिरतो, दाब मोजणारा स्विच बाहेरचा मार्ग मोकळा असल्याची ग्वाही देतो, आणि मगच गॅस उघडतो. चिमणी तुंबली तर ज्योत पेटतच नाही. शिवाय घरात कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा लावलेला असतो. तिथल्या कित्येक राज्यांत तो कायद्यानेच लावावा लागतो. आपल्याकडचा साधा गीझर तो धूर जिथे टांगला आहे तिथेच सोडतो. म्हणजे पंखा आणि स्विचची ती कडी आपणच जागा निवडून पुरी करायची.

जागा म्हणजे बाथरूमच्या बाहेर. बाल्कनी, धुण्याची जागा, डक्टकडची उघडी भिंत, काहीही चालेल, पण ज्या खोलीत माणूस कडी लावून उभा राहतो तिथे नाही. आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. मिस्त्री कुरकुरेल, पाइप वाढेल म्हणेल. पाइप खरंच वाढतो आणि पहिलं तांब्याभर पाणी गार येतं; ते रोपांना घालावं. बाल्कनीत वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून बाजूला आडोसा करावा, पण पेटीचं डोकं झाकू नये. डक्ट चारी बाजूंनी बंद आणि वरून पत्रा टाकलेला असेल तर तिलाही बाहेर म्हणता येत नाही. तिथला धूर वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरतो. एक्झॉस्ट पंखा बसवला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पंखा हवा बाहेर काढतो, पण खालून नवी हवा यायला जागा नसेल तर तो काय ओढणार? भाड्याच्या घरात गीझर आतच असेल आणि घरमालक ऐकत नसेल, तर बादल्या दार सताड उघडं ठेवून भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा आणि मग आंघोळीला जावं. गैरसोय आहे, पण पैसा लागत नाही.

विकत घेताना आयएसआयची खूण बघावी. एलपीजीच्या या छोट्या गीझरांसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे. इमारतीत पाइपचा गॅस येणार असेल तर सिलिंडरवरचा गीझर त्याला तसाच जोडता येत नाही. दोन्हींचे जेट वेगळे, दाब वेगळा. गळतीची रीतही वेगळी: सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर पसरतो, पाइपचा हलका, तो छताकडे जातो. वास आला की कुठलंही बटण, पंख्याचंसुद्धा, दाबू नये. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन. गॅसची नळी नारिंगी सुरक्षा नळीच असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. तारीख नळीवरच छापलेली असते, पण गीझरची नळी भिंतीमागून जाते म्हणून ती वर्षानुवर्षं कुणी वाचत नाही. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. काडी लावून तपासणारे महाभाग अजून आहेत.

क्षारांची गोष्ट भोपाळात घरागणिक बदलते. बड्या तलावाचं, कोलार धरणाचं किंवा नर्मदेचं पाणी येणाऱ्या घरात तांब्याची नळी बरीच वर्षं टिकते. बोअरवर चालणाऱ्या कॉलन्यांत पाणी जड असतं आणि नळीत पांढरा थर चढतो. ओळखायची खूण: गॅस तेवढाच जळतो, पाणी कमी तापतं, धार बारीक होते, आणि आतून उकळल्यासारखा कडकड आवाज येतो. यावर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानातलं. गॅस आणि पाणी बंद करून, सेल काढून, दोन्ही पाण्याच्या नळ्या सोडवायच्या. लिटरभर कोमट पाण्यात चाळीस-पन्नास ग्रॅम विरघळवून ते नरसाळ्याने एका नळीतून भरायचं, दोन्ही तोंडं उंच धरून अर्धा तास तसंच ठेवायचं. फेस येतो, तो क्षार सुटल्याचा. मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायचं. संडास साफ करायचं ॲसिड अजिबात घालायचं नाही. ते क्षारांबरोबर पितळ आणि तांबंही खातं, आणि नळीला बारीक भोक पडलं की गीझर संपला. पाणी सतत फार कडक ठेवलं तर क्षार लवकर बसतात. त्यामुळे कडक पाण्यात थंड मिसळण्यापेक्षा ज्योत कमी करून हवं तेवढंच तापवलेलं बरं. पुढच्या ‘उन्हाळा-हिवाळा’ बटणाचा उपयोग हाच आहे.

वर्षातून एकदा मिस्त्री बोलवायचाच, आणि तो दिवाळीच्या आधी, कारण पहिल्या थंड सकाळी त्याचा फोन लागत नाही. त्याच्याकडून बर्नर काढून ब्रशने साफ करून घ्या, जेटची भोकं पाहायला लावा, पिनेची हालचाल तपासायला सांगा. बरेच जण बाहेरून फडकं मारून, सेल बदलून पैसे घेतात, तेव्हा पेटीचं झाकण आपल्यासमोर निघालं पाहिजे. होळी झाली की गीझरला सुट्टी. पाण्याचा कॉक बंद करून खालच्या बोंडातून आतलं पाणी सोडून द्यायचं, गॅसचा कॉक बंद करायचा आणि सेल काढून ठेवायचे. राहिलेले सेल उन्हाळ्यात पाझरतात आणि डब्याच्या पत्त्या हिरव्या करून ठेवतात. मग दिवाळीला नवे सेल घातले तरी टकटक येत नाही, आणि काकू हाक मारतात.